‘घरी लागलं म्हणून सांगा’ म्हणाले, आता सही मागायलेत

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे मिस्टर (वय ३५) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून नग काढायच्या शेडमध्ये) कंत्राटदाराकडून कामाला जायचे. पगार १४ हजार, हातात रोख. ऑगस्ट २०२५ मध्ये पॉवर प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. दवाखान्यात नेताना सुपरवायझर म्हणाला, ‘घरी कडबा कापायच्या मशीनमध्ये हात गेला म्हणून सांगा, नाहीतर पोलिसांचं लचांड लागतंय.’ घाबरून आम्ही तसंच सांगितलं. आता कंत्राटदार ४० हजार देतो म्हणायलाय, पण स्टँपवरच्या कन्नड कागदावर सही पाहिजे. मशीनचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असलेलं संरक्षण) मिस्टरांनीच काढलेलं, असंही म्हणायलेत. इएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे पगारातून कधी कापलेले नाहीत. सही करू दे काय?

उत्तर : नाही. सही अजिबात करू देऊ नका, आणि अंगठाही नाही. तो कागद हातात मिळाला तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि कन्नड नीट वाचता येणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. ‘यापुढे माझी काहीही मागणी नाही’ अशी ओळ त्यात बहुधा असणारच. आपल्याकडची किती मराठी माणसं न कळणाऱ्या कागदावर सही करून मोकळी होतात, हे बघून माझा जीव तुटतो. तरीही धीर सोडू नका : भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्यात रद्दबातल आहे. सही आधीच झाली असली तरी सगळं संपलं असं नाही.

आता ४० हजार म्हणजे किती कमी, ते बघा. १९२३ च्या भरपाई कायद्यात कुठलं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ता आहे. एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. पगाराचे ६० टक्के (८,४०० रुपये) घ्यायचे, त्याला ३५ वर्षं वयासाठी ठरलेल्या १९७.०६ या आकड्यानं गुणायचं आणि त्याचे २० टक्के काढायचे. रक्कम होते सुमारे ३ लाख ३१ हजार. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकानंच द्यायचा असतो. पैसे महिनाभरात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला पटण्यासारखं कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. कामगार कंत्राटदाराचा होता म्हणून मूळ कारखानदार सुटत नाही, दावा त्याच्यावरही लावता येतो. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. तुमचा अपघात त्याआधीचा आहे, म्हणून हिशेब मी जुन्या कायद्यानं केला.

पण त्याआधी एक गोष्ट बघायलाच हवी. त्या शेडमध्ये कंत्राटी धरून दहा किंवा जास्त माणसं होती काय? असतील तर कारखाना इएसआयखाली यायला हवा, आणि २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगारही. मालकानं नाव घातलं नाही, पैसे भरले नाहीत, हा त्याचा गुन्हा आहे. त्यापायी तुमच्या मिस्टरांचा हक्क बुडत नाही, इएसआयनं लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी तरतूद आहे. तिथे उपचारांच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डानं २० टक्के ठरवले तर दरमहा अंदाजे अडीच हजार, तेही आयुष्यभर. दोन्हीकडून एकदम पैसे मिळत नाहीत. इएसआय लागू असेल तर तोच रस्ता. म्हणून पहिल्यांदा इएसआयच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

गार्डबद्दल ते जे म्हणतात त्याला घाबरू नका. प्रेसवर नग जास्त निघावेत म्हणून गार्ड बाजूला करून काम चालतं, हे उद्यमबागेत कुणालाही विचारा. कामगाराची नुसती चूक झाली म्हणून भरपाई जात नाही. त्यानं जाणूनबुजून गार्ड काढलं, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. त्या दिवशी त्या मशीनला गार्ड होतं काय, कुणाच्या सांगण्यावरून निघालं, हे सोबत काम करणाऱ्या एखाद्याला विचारून ठेवा. नोकरीच्या भीतीनं लोक बोलत नाहीत, त्यांना दोष देऊ नका. कामावरून सुटलेला एखादा जुना सोबती बोलेल.

दवाखान्यातल्या कागदाची गोष्ट अवघड आहे, पण हाताबाहेर गेलेली नाही. खरं काय घडलं आणि तसं सांगायला कुणी भाग पाडलं, ते तारीख घालून आजच लिहा. एक प्रत दवाखान्याला द्या, एक पोलीस ठाण्यात, दोन्हीची पोच घ्या. बिल कंत्राटदारानं भरलं असेल तर ती पावती जपा : घरी लागलेल्या माणसाचं बिल कंत्राटदार कशाला भरेल? त्या दिवसाचे फोन, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोनपेनं आलेली उचल, गेटवरची हजेरी, जे असेल ते गोळा करा. जुना मोबाइल विकू नका.

भरपाईच्या दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत. तेवढं थांबू मात्र नका. दावा तुम्ही राहता त्या भागातही लावता येतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

मिस्टरांना सोबत न्या. उजव्या हाताची बोटं गेली म्हणून ते खचले असतील, घरात चिडत असतील, बाहेर हात लपवत असतील. त्यांना सांगा की फिजिओथेरपी थांबवायची नाही, उरलेल्या बोटांची आणि अंगठ्याची पकड मेहनतीनं बरीच परत येते. आणि कंत्राटदार पुन्हा दारात आला तर वाद घालू नका. ‘जे काय असेल ते वकिलांशी बोला,’ एवढंच म्हणा आणि तो काय बोलला ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा.