पोस्तोयनाची गुहा की श्कोत्सियानची?

आईबाबा सोबत असतील, तर स्लोव्हेनियातली पोस्तोयनाच करा. ५ किलोमीटरच्या फेरीतला बराचसा भाग छोट्या रेल्वेने होतो, पायी चालणं जेमतेम दीड किलोमीटर. गर्दी असते, पण म्हणून टाळू नका. बाहेर कितीही ऊन असू दे, आत १० अंशच, स्वेटर घ्याच. माझ्या आईच्या चष्म्यावर छतावरून टपकन थेंब पडला. ‘अगं, हाच थेंब दगड घडवतोय,’ म्हणाली आणि तिथेच वर बघत उभी राहिली!

गुडघे धडधाकट असतील तर मात्र श्कोत्सियान. पायऱ्या पुष्कळ, पण काळोखात खोल खाली घोंघावणारी रेका नदी पुलावरून पाहताना मी कठडा घट्ट धरला होता.