रक्ताची पिशवी लावण्याआधी

अगं, ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं, हे डोक्यातून आधी काढून टाक. बॉम्बे ग्रुपवाल्याला ओसुद्धा चालत नाही. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच हा गट शोधला. वरवरच्या तपासणीत तो ओच दिसतो. पण पेशींवर एच अँटिजेन, म्हणजे ओवाल्यांकडेही असणारी खूण, नसतंच, आणि क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळवून बघताना, बिंग फुटतं. म्हणून नातेवाईक कितीही घाई करोत, क्रॉसमॅचचा कागद आल्याशिवाय पिशवी लावायची नाही. जिवावरच बेतलं असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा, तोही लेखी.

खरे घोटाळे मात्र गटापेक्षा नावात होतात. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारूच नकोस, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्यालाच सांगू दे. मग मनगटावरची पट्टी, पिशवीचं लेबल आणि फॉर्म दोघी नर्सनी पलंगाशेजारीच वाचायचं, काउंटरवर नाही.

पहिली पंधरा मिनिटं तिथून हलू नकोस. थंडी वाजली, कंबर दुखली, लघवी लाल झाली, की आधी रक्त बंद, नव्या सेटने, म्हणजे नव्या नळीने, सलाईन चालू आणि डॉक्टरांना हाक. पिशवी फेकू नकोस, ती रक्तपेढीत परत जाते. रक्ताच्या लाइनला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) तर कधीच नाही. त्यातल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात.