रागाचं इंग्रजी: सुरुवात इथून करा

रागाच्या शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला घेतली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. सुरुवातीला तीन पुरे: 'अनॉइड' म्हणजे वैतागलेला, 'अँग्री' म्हणजे चिडलेला, 'फ्युरियस' म्हणजे रागाने लालबुंद झालेला. 'फ्युरियस'ला 'व्हेरी' लावू नका, तो मुळातच टोकाचा शब्द. लावायचंच तर 'ॲब्सोल्यूटली'.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते इथे: 'आय ॲम अनॉइंग'. म्हणजे तुम्हीच दुसऱ्यांचं डोकं उठवताय! वैताग तुम्हाला आला असेल तर 'अनॉइड'. 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड'चंही तेच. पुढचं सगळं राहिलं तरी चालेल, पण हे घोटून घ्या.

आणखी दोन खड्डे:

- माणसावर राग असेल तर 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री ॲट', गोष्टीबद्दल असेल तर 'अँग्री अबाउट'. 'अँग्री ऑन' हे आपल्या 'वर'चं भूत आहे.
- 'मॅड' अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये बहुधा वेडा.

'पिस्ड ऑफ' (जाम वैतागलेला, पण असभ्य) मित्रांपुरतंच ठेवा. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'आय ॲम अ बिट फ्रस्ट्रेटेड' भागतं. समोरच्याला बरोबर कळतं. वाक्प्रचार आणि शिव्या (त्या तुम्ही शोधणारच!) नंतर बघू.