दुसरा गट कुठे आहे?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद. तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या, म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळती असणाऱ्या, रुग्णांचे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या भावना आवरायला शिकवणाऱ्या मानसोपचाराआधी आणि वर्षभराने एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे काम दाखवणारे स्कॅन, काढायचे, की प्रश्नावल्यांवरच थांबायचे, या पेचात तू आहेस. वाशीतल्या तुझ्या गाइडना मेंदूची चित्रे हवी आहेत, हे मला समजते. पण साऱ्या आराखड्यात ही थेरपी न मिळालेले रुग्ण कुठेच नाहीत, आणि ते नसतील तर स्कॅन काढले काय नि न काढले काय, सारखेच.

पहिल्या वेळी त्या अरुंद नळीत, यंत्राच्या खडखडाटात निजलेले माणूस धास्तावलेले असते. दुसऱ्या खेपेस ते सरावते. स्कॅनच्या वेळी दाखवलेली तीच अप्रिय चित्रे पुन्हा पाहिली की अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी निगडित मेंदूच्या भागाची, प्रतिक्रिया एरवीही ओसरू शकते. अनेकांची लक्षणे काळाबरोबर उतरतात, आणि वर्षभरात औषधे बदलतात ती वेगळीच. रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून रंगवलेल्या ठिपक्यातून थेरपीचा वाटा तू कसा निवडून काढणार?

2014 साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकी अभ्यासाचा तू आधार घेतला आहेस, त्यात वर्षभराच्या थेरपीनंतर अमिग्डालाची अतिप्रतिक्रिया कमी झाली, हे खरे. पण तिथे रुग्ण होते 11 आणि तुलनेला 11 निरोगी माणसे. निरोगी माणूस म्हणजे थेरपी न मिळालेला रुग्ण नव्हे, हे तुला सांगावे लागायला नको होते! ही थेरपी घडवणाऱ्या मार्शा लिनेहान यांच्या 1991 च्या चाचणीत मेंदूचे एकही चित्र नव्हते. दुसरा गट मात्र होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांचा.

स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलीला तुलनेखातर वर्षभर ताटकळत ठेवायचे का, हा तुझा प्रश्न रास्त आहे, आणि तो तुला पडला याचे मला समाधान वाटले. मुळीच ठेवायचे नाही. दुसऱ्या गटाची औषधे, भेटी, समुपदेशन, सारे चालूच राहते. फक्त ही थेरपी नसते.

ठाण्यात अशाच एका प्रकल्पातून मी दुसऱ्या गटाच्या आग्रहापायी बाहेर पडलो. सहकाऱ्यांनी मला आडमुठा ठरवले, त्या विषयातला एकही शोधनिबंध माझ्या नावावर लागला नाही, आणि ते अजून सलते. पण ज्या मांडणीतून काही सिद्धच होणार नव्हते, तिच्या संमतिपत्रावर रुग्णांची सही मी कोणत्या तोंडाने मागितली असती? माझे चुकले नाही.

स्कॅनच्या वेळेसाठी खेटे घालण्याआधी ओपीडीत बस, आणि तुझ्या निकषांत बसणारे किती रुग्ण नेहमीच्या उपचारांवर वर्षभर टिकतात ते पाहा. दोन्ही जमत नसेल तर स्कॅन सोड, गट सोडू नकोस. गाइड रागावले तर माझे नाव सांग.