वाचकांचे प्रश्न : गाडीवरची सीबी अँटेना टिकत का नाही?

प्रश्न : आमच्या दोन पिकअप गाड्या बीड–तुळजापूर हायवेवर रोज धावतात. एकमेकांशी बोलायला २७ मेगाहर्ट्झचे सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या रेडिओ पट्ट्यावर बोलायचे) सेट लावलेत. चुंबकाच्या बुडाची अँटेना ८ महिन्यांत दोनदा गेली. टिकाऊ कोणती घ्यावी?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : नवी घेण्याआधी जुनीचं बूड उघडून बघा. काठी बहुधा धडधाकट असते; गेलेला असतो तो बुडाचा सांधा. चुंबकाखाली काळ्या मातीची धूळ बसते, हादऱ्याने ती पॉलिश पेपरासारखा रंग खरवडते, मग पावसात तिथेच गंज धरतो. रोजच्या गाडीला चुंबक नकोच.

२७ मेगाहर्ट्झला पाव लहरीची, म्हणजे रेडिओ लहरीच्या लांबीच्या चौथाई काठी पावणेतीन मीटर भरते. गाडीवर ती परवडत नाही, म्हणून सव्वा ते दीड मीटरची काठी आणि लांबीची कसर भरून काढणारी कॉइल. कॉइल मधोमध किंवा वर असेल तर सिग्नल थोडा बरा जातो, पण तेवढं वजन वर झुलतं आणि खालचे नट सैल होतात. हायवेसाठी बुडाशी कॉइल असलेलीच घ्या. काठी १७-७ जातीच्या स्प्रिंग स्टीलची, टोकाकडे निमुळती हवी. विकत घेताना वाकवून सोडा, लगेच सरळ झाली पाहिजे. साधी स्टेनलेसची काठी बाभळीच्या फांदीला एकदा लागली की वाकडीच राहते. फायबरची वाकते चांगली, पण उन्हाने वरचं आवरण फाटलं की आतली तार उघडी पडते.

केबिनमागच्या लोखंडी जाळीला ३ मिमी जाड पट्टी लावून त्यावर अँटेना बसवा. काठीचा निम्म्याहून जास्त भाग टपाच्या वर यायला हवा. पट्टीखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि मल्टीमीटरने पट्टी ते चेसिस मोजा : १ ओहमच्या आत. हे जमलं की मगच बाहेरून रंग मारा.

नंतर एसडब्ल्यूआर मीटर लावा; अँटेनाकडून किती ताकद सेटकडे परत फिरते ते तो दाखवतो, आकडा १ च्या जितका जवळ तितकं चांगलं. परवाना न लागणारा सीबीचा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे ४० चॅनलच्या सेटवर फक्त १ ते २७. ताकद ५ वॅटपर्यंत. बाहेरची अँटेना सेटच्या मंजुरीत बसते का, हेही कागदावर पाहून घ्या. गाडी मोकळ्या जागी, दारं बंद. चॅनल १ पेक्षा २७ वर आकडा जास्त आला तर काठी लांब आहे, ३-४ मिमी आत सरकवा. उलट आला तर बाहेर काढा. चॅनल १४ वर दीडच्या खाली आला की झालं. ३ च्या वर असेल तर बोलूच नका, सेटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

प्रश्न : अँटेना ते सेट केबल ४ फूट उरते. कापू का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : कापायला हरकत नाही. पण केबल कमीजास्त केल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल तर दोष केबलचा नाही, अर्थिंगचा, म्हणजे पट्टी ते चेसिस जोडाचा आहे. पट्टीखालचा रंग पुन्हा खरवडा. न कापता ठेवायची तर सीटमागे सैल पसरा, घट्ट वेटोळं करू नका. नवा प्लग लावताना केबलच्या बाहेरच्या तारांची जाळीही नीट डाग द्या, नाहीतर हादऱ्याने आधी तीच सुटते. अँटेनाकडच्या जोडावर रबर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी कौलावरून ओघळावं तसं बाहेर पडतं. वायरिंगच्या काळ्या टेपचा डिंक मे महिन्यातच वितळून जातो.