निसवलेल्या केळीची पानं कापू नका

प्रश्न: काकू, गेल्या पावसाळ्यात घरामागे वेलची केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, लावला. यंदा आषाढात केळ निसवली, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, आणि सात फण्या आल्या. गणपतीत आणि मग पितृपक्षात आळीतल्या सगळ्यांनी पानं मागून नेली, आम्हीही आनंदानं दिली. आता दिवाळी तोंडावर आली तरी केळी करंगळीएवढीच आहेत. शेणखत घातलं, कुणी सांगितलं म्हणून डीएपी हे रासायनिक खतही टाकलं. आणखी काय घालू? घड उतरवायचा कधी? शेजारचे आजोबा म्हणतात, झाडावरच पिवळा होऊ द्या. आणि बुंध्याशी सहा मुनवे आलेत, त्यांचं काय करू?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर: खत आता थांबवा आणि झाडावर पानं किती उरली आहेत ती मोजा. तुमच्या पत्रावरून तीन-चारच असावीत असं वाटतं, आणि घड भरत नाही तो त्यामुळेच.

केळ एकदा निसवली की तिला नवं पान येत नाही. ज्या गाभ्यातून एकामागून एक पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, वर येत होता, त्याच गाभ्यातून शेवटी घड येतो आणि तिथे त्या झाडाची वाढ संपते. निसवताना अंगावर जी पानं असतील, त्यांच्याच जोरावर पुढचे तीन-चार महिने घड पोसायचा असतो. आठ-दहा धडधाकट पानं असली तर केळी छान भरतात. फण्या किती येणार हेही घड दिसण्याच्या बरंच आधी खोडाच्या आत ठरून गेलेलं असतं. म्हणून शेणखत, राख, जे काही द्यायचं ते लागवडीनंतरच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत. त्यानंतर घातलेलं खत या घडाच्या फारसं कामी येत नाही, मिळालंच तर मुनव्यांना मिळतं.

शेजाऱ्यांना पानं जरूर द्यावीत. सणाला केळीचं पान मागायला कुणी दारात आलं की मला फार बरं वाटतं. आमच्याकडे वसईला वाडीच्या कडेला पानांसाठी एक वेगळं बेट राखलेलं आहे, त्याच्याकडून घडाची अपेक्षा करत नाही. तुमच्याकडे मुनवे भरपूर आहेत, एक काढून कुंपणाशी लावा आणि पुढच्या वर्षी त्याची पानं वाटा. निसवलेल्या केळीचं मात्र फक्त पूर्ण वाळलेलं किंवा रोगट पान काढायचं.

आता या घडासाठी काय करता येईल? केळफूल अजून लोंबत असेल तर शेवटच्या फणीखाली वीतभर दांडा ठेवून कापा. ताजं असेल तर भाजी करा. प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि तिच्याजवळचा पारदर्शक पापुद्रा काढून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवलं की तुरटपणा जातो. खालच्या एक-दोन फण्या अगदीच किरकोळ असतील तर त्याही उतरवा, म्हणजे उरलेल्या पानांचा जोर वरच्या फण्यांना मिळेल. पाणी नियमित द्या. थंडीत केळी भरायला जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका. आणि वेलची केळं मुळातच आखूड असतं. बाजारातल्या लांब केळ्याशी त्याची तुलना केलीत तर उगाच हिरमुसाल.

घड तयार झाला हे दिवस मोजण्यापेक्षा केळ्याकडे बघून कळतं. कोवळ्या केळ्याला धारदार कडा असतात. बोट फिरवलं तर त्या जाणवतात. केळं भरत आलं की कडा बोथट होतात, अंग गोलसर होतं, गडद हिरवा रंग उतरून फिका होतो आणि टोकाशी राहिलेलं वाळकं फूल नुसत्या हाताच्या स्पर्शानं गळून पडतं. सगळ्यात वरची, म्हणजे खोडाजवळची फणी आधी तयार होते, तिथेच तपासा. त्या फणीतलं एखादं केळं पिवळसर दिसलं तर त्याच दिवशी घड उतरवा.

आजोबांचा मान राखून सांगते, सगळा घड झाडावर पिवळा होईपर्यंत थांबू नका. वेलचीची साल पातळ असते, झाडावर पिकताना ती तडकते. मग मुंग्या, पाखरं, खारी आणि रात्री वटवाघळं यांच्यापुढे आपला पाड लागत नाही. हिरवा पण पूर्ण भरलेला घड घरात पिकवला तर चवीत काहीच उणं राहत नाही.

उतरवताना दोघं जण हवेत. हाताला खोबरेल तेल लावा आणि जुने कपडे घाला, कारण केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. वेलची उंच जाते, म्हणून एकानं खोडाच्या मध्यावर कोयत्यानं अर्धवट घाव घालावा. खोड हळूहळू वाकतं आणि घड खाली येतो. दुसऱ्यानं तो खांद्यावर झेलावा, जमिनीवर आपटू देऊ नये, नाहीतर पिकताना प्रत्येक मुका मार काळा पडतो. हातभर दांडा ठेवून कापा आणि चीक गळून जाईपर्यंत घड केळीच्याच पानावर ठेवा. मग सावलीत टांगा.

त्या झाडाला पुन्हा घड येणार नाही, पण ते लगेच मुळापासून तोडू नका. कमरेएवढं खोड उभं ठेवलं तर त्यातला ओलावा आणि अन्न महिना-दोन महिने मुनव्याला मिळतं. मुनवा एकच ठेवायचा: बुंध्याशी जाड, वर निमुळता, अरुंद पानांचा. लहानपणीच रुंद पानं फुटलेला दिसायला गोंडस असतो, पण त्याचा कंद कमजोर असतो. कुंपणासाठीही जाड बुंध्याचाच कंदासकट उपटा. बाकीचे जमिनीलगत कापून मधला कोंब पहारीनं उकरून काढा, नुसते छाटलेत तर आठवड्यात पुन्हा डोकं वर काढतील.

प्रश्न: गावाहून कच्चा घड आला. एकदम पिकू नये म्हणून फण्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तर साल काळी पडली आणि आत केळी टणकच. घड थोडा थोडा कसा पिकवावा? कार्बाईडची पुडी वापरली तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कार्बाईड घरात आणूच नका. त्यानं फळं पिकवून विकायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. कच्च्या केळ्याला साधारण 13 अंशांखालची थंडी सोसत नाही, म्हणून तुमच्या फण्या बिघडल्या. त्या आता पिकणार नाहीत, आतून चांगल्या असतील तर भाजी करून संपवा.

उरलेल्या घडाच्या सगळ्या फण्या सुट्या करा आणि हवेशीर, गार जागी लांब लांब ठेवा. त्यातली एकच फणी एका पिकलेल्या केळ्यासोबत तांदळाच्या डब्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा. पिकलेल्या फळातून निघणारा इथिलीन वायू तिला पिकवतो. दोन-तीन दिवसांनी पुढची फणी. पिकलेल्या फण्या मात्र कच्च्यांच्या जवळपासही ठेवायच्या नाहीत.