यजमानपद मिळाल्यावर सरकारला माघार घेता येते का? किती महागात पडते?

घेता येते, पण भरपाई मोजून. ताजे उदाहरण २०२६च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याला त्या एप्रिल २०२२मध्ये मिळाल्या. मेलबर्नमध्ये तयार मैदाने असताना जिलाँग, बेंडिगो, बॅलराट अशा प्रादेशिक शहरांत स्पर्धा विखुरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याची निवडणूक होती, हे ध्यानात घ्या!

खर्च फुगला तो इथेच. प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रीडाग्राम, वेगळी बंदोबस्ताची फौज, वेगळी वाहतूक. सुरुवातीचा २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज ६ ते ७ अब्जांवर गेल्याचे सांगत राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री म्हणा) डॅनियल अँड्र्यूज यांनी जुलै २०२३मध्ये हात वर केले. भरपाई ठरली ३८ कोटी डॉलर. पुढे राज्याच्या महालेखापरीक्षकांनी एकूण भुर्दंड ५८.९ कोटींहून जास्त काढला, शिवाय माघारीच्या वेळी सांगितलेला ६.९ अब्जांचा आकडाही फुगवलेला होता असा शेरा मारला. म्हणजे घेताना आकडा कमी, सोडताना जास्त.

शेवटी ग्लासगोने यजमानपद स्वीकारले, तेही फक्त १० खेळांचे, चार जुन्या संकुलांत, नवे क्रीडाग्राम न बांधता. या दहांत कुस्ती, नेमबाजी, हॉकी, बॅडमिंटन नाहीत. भारताची हक्काची पदकेच गेली म्हणा ना.

यजमानपदाची बातमी वाचताना एवढेच शोधा: तूट आली तर ती भरून देण्याच्या हमीपत्रावर सही कोणाची? २०१५मध्ये बॉस्टनच्या महापौरांनी अशी सही करायला नकार दिला आणि २०२४च्या ऑलिंपिकसाठीची त्या शहराची दावेदारी त्याच दिवशी संपली.